चोक ओढायचा कुणी?

मेढ्याच्या गॅरेजात स्कूटरबद्दल थंडीत दोन तक्रारी येतात. पहिली सगळ्यांना समजते: सकाळी गाडी सुरू होत नाही. रात्रभर अंगणात उभी, सीटवर दव, बटन दाबलं की नुसतं कुईकुई. दुसरी तक्रार सांगताना माणूस स्वतःच बुचकळ्यात पडलेला असतो. घरून गाडी झटक्यात सुरू झाली, बाजारापर्यंत आली, चहाला पंधरा-वीस मिनिटं थांबलो, आणि आता ढिम्म हलत नाही. इंजिनाला हात लावला तर चटका बसतो. गार गाडी अडली तर कळतं, गरम गाडी का अडावी?

या दोन्ही तक्रारींचं मूळ बऱ्याचदा एकाच ठिकाणी सापडतं. कार्बोरेटरच्या डोक्यावर अंगठ्याएवढा एक काळा डबा असतो, त्यातून दोन वायरी निघालेल्या असतात. गॅरेजात त्याला ऑटोचोक म्हणतात. वीस-पंचवीस वर्षं स्कूटर चालवणाऱ्यांनीही तो कधी पाहिलेला नसतो, आणि पाहण्याचं कारणही पडत नाही. चालकाला चोकचा विचारच करावा लागू नये, यासाठीच तो तिथे बसवलेला आहे.

मेढा हे जावळी तालुक्याचं ठाणं. वेण्णा नदीच्या खोऱ्यात, साताऱ्याहून केळघरमार्गे महाबळेश्वरला जाणाऱ्या रस्त्यावर. खाली कण्हेर धरणाचं पाणी, वर केळघरचा घाट, पलीकडे कास आणि बामणोलीकडचा कोयनेचा फुगवटा. थंडीत खोऱ्यात धुकं बसतं, पहाटे पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो. त्याच रस्त्याने वर महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी दव गोठल्याचे फोटो जवळपास दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतात. म्हणजे एकच स्कूटर सकाळी धुक्यात सुरू होते, दूध घालायला जाते, दुपारी घाट चढून वर पोचते. मुंबईच्या सपाट, उबदार रस्त्यावर ऑटोचोकचा जो अंदाज चुकला तरी खपून जातो, तो इथे उघडा पडतो.

हो, अंदाजच. ऑटोचोकला इंजिन गरम आहे की गार, हे कळत नाही. ‘ऑटो’ म्हटल्यावर आपल्याला वाटतं की आत काहीतरी तापमान मोजणारं असेल. या साध्या स्कूटरमध्ये तसं काही नसतं. त्या डब्यात मेण असतं, आणि मेणाला फक्त स्वतःचं तापमान ठाऊक असतं.

पण आधी, गार इंजिनाला जास्त पेट्रोल लागतं तरी का? पेट्रोल म्हणून जे आपण भरतो ते कमी-जास्त उडून जाणाऱ्या अनेक द्रव्यांचं मिश्रण असतं. ठिणगी पेटवते ती पेट्रोलच्या वाफेला, थेंबांना नाही. इंजिन तापलेलं असताना कार्बोरेटरमधून आलेलं जवळपास सगळं पेट्रोल वाफ होऊन सिलिंडरमध्ये जातं, आणि वजनाने पावणेपंधरा भाग हवेला एक भाग पेट्रोल एवढं प्रमाण पुरतं. गार इंजिनात त्यातला हलका भाग तेवढा वाफ होतो. उरलेलं पेट्रोल नळीच्या भिंतीला आणि सिलिंडरच्या आतल्या अंगाला चिकटून राहतं. म्हणजे कार्बोरेटरने माप बरोबर घालूनही प्लगपाशी पोचणारी वाफ कमीच पडते. उपाय एकच: दुपटी-तिपटीने पेट्रोल ओता, म्हणजे त्यातला उडणारा हलका भाग मिळून पेटण्याइतका होईल. बाकीचं भिंतीवर ओघळतं, थोडं इंजिनच्या तेलात उतरतं, थोडं न जळता सायलेन्सरमधून बाहेर जातं. सुरुवातीच्या मिनिटांत स्कूटरच्या मागे जो पेट्रोलचा वास येतो तो याचाच.

मिनिटभरात सिलिंडर तापायला लागतो, भिंतीवरचं पेट्रोल उडू लागतं, आणि मघाशी गरजेचं असलेलं ते जास्तीचं पेट्रोल आता नको होतं. ते वेळेवर बंद झालं नाही तर प्लग काजळतो, गाडी मिस मारते, ॲव्हरेज पडतं. चोकचं सगळं काम एवढंच: आधी जास्त द्यायचं, मग हळूहळू काढून घ्यायचं. देणं सोपं आहे. काढून कधी घ्यायचं, हे ठरवणं अवघड.

साताऱ्याच्या माणसाला हे ठरवण्याची सवय एके काळी हातातच होती. 1975 साली साताऱ्यात महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी उभी राहिली, बजाज ऑटो आणि पश्चिम महाराष्ट्र विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून. इथल्या एमआयडीसीतून ‘प्रिया’ स्कूटर बाहेर पडायची. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायचे ते दिवस. जावळी-वाईकडच्या कितीतरी घरांत पहिली गाडी प्रियाच आली. तिचा साचा इटलीच्या व्हेस्पाचा. व्हेस्पा बनवणाऱ्या पियाज्जोशी बजाजचा करार 1971 मध्ये संपला तरी बांधणी तीच राहिली. सीटखाली पुढच्या बाजूला पेट्रोलचा कॉक, आणि शेजारी ओढायची चोकची घुंडी. सकाळी कॉक उघडायचा, घुंडी ओढायची, किक मारायची, गाडी धरली की जरा वेळाने घुंडी आत ढकलायची. ‘जरा वेळाने’ म्हणजे किती, ते प्रत्येकाच्या कानाला माहीत असायचं. आवाज जड झाला, धूर दाट झाला की हात आपोआप खाली जायचा. दुपारी गाडी गरम असताना कुणी चोक ओढत नसे, कारण गाडी आताच चालवून आणलीय हे चालवणाऱ्याला ठाऊक असायचं.

आणि तरीही नाही झाली सुरू, तर तिरकी. उजव्या-डाव्या अंगाला स्कूटर कलती करून परत उभी करायची आणि पुन्हा किक. हसण्यावारी नेण्यासारखा प्रकार नव्हता तो. गाडी कलली की कार्बोरेटरच्या भांड्यातला फ्लोट आपल्या जागेवरून सरकतो, पेट्रोलची पातळी बिघडते आणि नेहमीपेक्षा जास्त पेट्रोल पुढे जातं. म्हणजे घुंडी ओढूनही कमी पडलेलं पेट्रोल गाडी आडवी करून ओतलं जायचं. टाकीच्या तळाशी उरलेलं पेट्रोल कॉकपर्यंत यावं म्हणूनही लोक हेच करायचे, ते वेगळं. दोन्ही कारणं एकाच हिसक्यात उरकली जायची आणि गुण कशाने आला हे कुणी विचारत नसे.

ही सगळी अक्कल हाताची होती, आणि हात विसरतो. चोक ओढलेलाच राहिला आणि माणूस तशीच गाडी पाचवड फाट्यापर्यंत घेऊन गेला, असं घडायचंच. पुढे गियर नसलेल्या स्कूटर आल्या. घरातली सगळी माणसं त्या चालवू लागली, कॉलेजच्या पोरांपासून आजोबांपर्यंत. बटन दाबलं की गाडी सुरू झाली पाहिजे, बाकी काही सांगू नका, अशी मागणी आली. अशा अनेक गाड्यांच्या कार्बोरेटरवर मग तो दोन वायरींचा डबा येऊन बसला.

मेढ्यात एका गॅरेजात मी तो उघडलेला पाहिला. मिस्त्रींनी दोन स्क्रू काढून डबा कार्बोरेटरमधून उपसून हातावर ठेवला. वरचं अंग काळ्या प्लास्टिकचं, खालून पितळेचा दट्ट्या निघालेला, आणि त्याच्या टोकाला सुईसारखी बारीक नीडल. ज्या भोकातून तो काढला तिथे डोकावलं तर तळाशी एक बारीक वाट दिसते. ही वाट मुख्य जेटला वळसा घालून जाते. कार्बोरेटरच्या भांड्यातून थेट वेगळं पेट्रोल उचलायचं, त्यात जरा हवा मिसळायची आणि थ्रॉटलच्या, म्हणजे ॲक्सिलेटरने उघडणाऱ्या झडपेच्या, पलीकडे इंजिनच्या बाजूला सोडायचं. नीडल वर असेल तर वाट उघडी, खाली उतरली की बंद. नावात चोक असला तरी हवेचा गळा इथे कुणी आवळत नाही. फक्त पेट्रोलची दुसरी चोरवाट उघडते.

‘हे बघा सर,’ म्हणत मिस्त्रींनी एक जुनी बॅटरी ओढली आणि दोन्ही वायरी तिला लावल्या. काहीच झालं नाही. अर्धं मिनिट गेलं तरी काही नाही. मग डबा हाताला कोमट लागायला लागला आणि नीडल इतक्या सावकाश खाली सरकू लागली की डोळ्यांना हालचाल दिसतच नव्हती. मध्येच नजर काढून पुन्हा पाहिलं की तेवढं कळायचं, मघापेक्षा लांब झालीय. चार-पाच मिनिटांत ती काही मिलिमीटर बाहेर आली आणि थांबली. वायरी काढल्यावर परत आत जायला त्याहून जास्त वेळ लागला. मिस्त्री तोवर दुसऱ्या गाडीचा प्लग साफ करून आले.

आत काय होतं ते असं. डब्याच्या टोकाला चिनीमातीसारख्या द्रव्याची एक छोटी चकती असते. बेरियम टायटेनेटची. तिच्यातून वीज गेली की ती तापते. पण तिची एक गंमत आहे: ठरावीक तापमान आलं की तिचा विरोध एकदम वाढतो, वीज जवळजवळ थांबते, आणि ती आणखी तापत नाही. वेगळा थर्मोस्टॅट लागत नाही, जळून जायची भीती कमी. चकतीच्या खाली बंद कुपीत मेण असतं. पॅराफिनचं मेण वितळताना चांगलंच फुगतं, दहा टक्क्यांच्या वर, आणि कुपीतून जायला जागा नसल्याने दट्ट्या ढकलतं. मोटारीच्या रेडिएटरमधल्या थर्मोस्टॅटमध्येही हेच मेण असतं. सर्जियस व्हर्ने याने 1930च्या दशकात ती युक्ती काढली. मेण स्वस्त, जोर भरपूर, आणि पुन्हा पुन्हा वितळून-थिजूनही काम करतं. मला यातलं सगळ्यात आवडतं ते हे की यंत्राच्या पोटात चाक नाही, दट्ट्या, नीडल आणि स्प्रिंग सोडली तर हलणारं दुसरं काही नाही, आणि तरी त्याला वेळ कळते.

कारण हे शेवटी घड्याळच आहे. बऱ्याच छोट्या स्कूटरमध्ये त्या दोन वायरींना वीज मॅग्नेटच्या कॉइलमधून मिळते, म्हणजे इंजिन फिरायला लागल्यावरच. इंजिन सुरू झालं की चकती तापायला लागते, मेण फुगतं, चोरवाट चार-पाच मिनिटांत बंद होते. कंपनीने हिशेब असा घातलेला असतो की तेवढ्या वेळात साधारण हवेत साधारण इंजिन साधारण तापलेलं असेल. इंजिन आणि मेण यांची भेट मात्र कधीच होत नाही. दोघं एकाच वेळी निघतात, एकाच वेळी पोचतील अशा भरवशावर.

आता त्या चहाच्या टपरीकडे परत जाऊ. गाडी बंद केली. वीज गेली. अंगठ्याएवढा डबा लवकर निवतो, मेण थिजतं, नीडल वर जाते, चोरवाट उघडते. इंजिन मात्र किलोकिलोचं ॲल्युमिनियम आणि लोखंड, ते तासभर गरम राहतं. वीस मिनिटांनी माणूस बटन दाबतो तेव्हा मेणाच्या हिशेबी सकाळ झालेली असते. ते बिचारं गरम इंजिनात सकाळचं पेट्रोल ओततं. त्यात बंद गाडीच्या उष्णतेने भांड्यातल्या पेट्रोलची वाफ वर येऊन आधीच जमलेली असते. सगळं मिळून मिश्रण इतकं दाट होतं की प्लग ओला होतो. आणि गिऱ्हाईक म्हणतं, ‘आण्णा, गरम गाडी सुरूच होईना बघा.’

कंपन्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. म्हणून त्या डब्यावर बऱ्याच गाड्यांत फोमचं किंवा रबराचं टोपरं असतं. धुळीसाठी असावं असं वाटतं, पण त्याचं काम डब्याची ऊब धरून ठेवण्याचं: मेण इंजिनच्या जोडीने निवावं, पुढे पळू नये. कार्बोरेटर साफ करताना हे टोपरं बाजूला काढतात आणि परत बसवायचं राहतं. फाटलेलं असेल तर फेकूनच देतात. त्या दिवसापासून गरम गाडी अडायला लागते आणि दोष पेट्रोल पंपाला लागतो. धुक्यातून वारं खात जाणाऱ्या जावळीच्या गाडीला हे टोपरं जास्तच गरजेचं आहे.

घाटाची गोष्ट निराळी. मेढ्याहून महाबळेश्वर पाच-सहाशे मीटर तरी उंच आहे. वर हवा विरळ, आणि कार्बोरेटरला हे कळत नाही. तो खालच्या हिशेबानेच पेट्रोल सोडतो, त्यामुळे चढताना मिश्रण आपोआप दाट होत जातं. एरवी हे निभावतं. पण ऑटोचोकची वायर तुटली असेल तर नीडल खाली येतच नाही, चोरवाट कायम उघडी. सपाटीवर अशी गाडी फक्त जास्त पेट्रोल पिते, मालकाला महिन्याच्या हिशेबात जाणवतं तेवढंच. केळघरचा घाट लागला की चोकचं जास्तीचं आणि उंचीचं जास्तीचं एकावर एक बसतं. गाडी गुदमरते, काळा धूर सोडते, मागे बसलेल्या माणसाला वळणावर उतरावं लागतं. खाली आलं की पुन्हा बरी. असं दुखणं मेढ्यातल्या मिस्त्रीला चटकन ओळखता येतं. साताऱ्यात गाडी दाखवली तर तिथे ती शहाण्यासारखी वागते.

एक सवय मात्र सगळीकडे सारखी आहे आणि ती सुटता सुटत नाही. गाडी सुरू होत नाही म्हटलं की उजवा हात ॲक्सिलेटर पिळतो. प्रियाच्या दिवसांतून आलेली ही खोड. ऑटोचोकची चोरवाट पेट्रोल ओढते ती थ्रॉटलमागच्या खेचीवर. थ्रॉटल बंद असताना इंजिन श्वास घ्यायला धडपडतं आणि त्या खेचीने चोरवाटेतून पेट्रोल येतं. ॲक्सिलेटर पिळला की हवेला मोठा रस्ता मोकळा होतो, खेच संपते, आणि नेमकं हवं असलेलं जास्तीचं पेट्रोल यायचं थांबतं. म्हणजे थंड सकाळी जितका जोर करावा तितकी गाडी अडते. हात सोडून बटन दाबा, धरल्यावर पाच-दहा सेकंद नुसती चालू द्या, मग निघा. उलट गरम गाडी ओली झाली असेल तर ॲक्सिलेटर पूर्ण उघडून बटन दाबायचं. तीच खेच मोडायची, साठलेलं पेट्रोल हवेने उडवायचं. एकच कृती सकाळी चूक आणि दुपारी बरोबर, हे समजावताना मिस्त्रींचा आवाज चढतो ते उगाच नाही.

काही गाड्यांत डब्याला वीज किल्ली फिरवल्याबरोबर बॅटरीतून मिळते. तिथे निराळीच फजिती. किल्ली लावून माणूस हेल्मेट शोधायला घरात गेला, फोन आला, चार मिनिटं बोलला. इंजिन एकदाही फिरलेलं नाही, पण मेण वितळून चोरवाट बंद करून बसलंय. आता गार इंजिनाला गरम इंजिनाचा खुराक. अशा वेळी किल्ली काढून चहा घेणं हाच खरा इलाज आहे, आणि मेढ्यात त्याला कुणाची हरकत नसते.

अलीकडे पेट्रोलनेच या हिशेबात हात घातला आहे. सातारा-सांगलीच्या उसाच्या पट्ट्यात कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या इथेनॉल बनवतात, आणि आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये त्याचं प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलं आहे. इथेनॉलची वाफ व्हायला पेट्रोलच्या साधारण अडीचपट उष्णता लागते. गार सकाळी नेमकी तीच नसते. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि जावळीचा पाऊस चार महिने आहे. पाणी ठरावीक मर्यादेच्या वर गेलं की ते इथेनॉलला घेऊन भांड्याच्या तळाशी बसतं आणि चोरवाटेची तोंडं तिथूनच सुरू होतात. ‘कार्बोरेटरमध्ये पाणी आलंय’ हे निदान पावसाळ्यात पूर्वीही व्हायचं. ऊस इथला, स्पिरिट इथलं, आणि त्याने अडलेली गाडीही इथलीच, यावर गॅरेजात विनोद होतात ते मी इथे लिहीत नाही.

ऑटोचोक तपासणं तसं सोपं. मीटर लावावा, काही ओहम दाखवले तर चकती जिवंत. काहीच दाखवलं नाही तर आतून तुटली. बॅटरीला लावून नीडल सरकते का ते पाहावं. पण गॅरेजात एवढा वेळ कुणाला असतो? प्लग काळा दिसला की हवेचा स्क्रू फिरवतात, स्लो स्पीडचा स्क्रू आवळतात, जेट बदलतात. मूळ दोष तसाच राहतो आणि त्याच्याभोवती चार दुरुस्त्या साठतात. कुणी नीडल कायमची खाली दाबून टाकतं, म्हणजे चोकच रद्द. मग उन्हाळ्यात गाडी उत्तम चालते आणि दिवाळीनंतर पुन्हा दारात उभी राहते.

2020च्या एप्रिलपासून प्रदूषणाचे बीएस-6 नियम लागू झाले आणि नव्या स्कूटरमधून कार्बोरेटर जवळपास गेलाच. आता इंजिनवर तापमान मोजणारा सेन्सर आहे, आणि एक छोटा कॉम्प्युटर इंजेक्टरला सांगतो की अमुक अंशाला इतकं पेट्रोल. चहाच्या टपरीचा घोटाळा मिटला, कारण आता खुद्द इंजिनाला विचारलं जातं. घाटातही हवेचा दाब पाहून माप बदलतं. त्याच वर्षी जानेवारीत बजाजची चेतक विजेवर परत आली, तिच्यात तर चोकचा प्रश्नच नाही. मेढ्यातले तरुण मिस्त्री स्कॅनर घेऊन बसतात, दोष नंबरात वाचतात. पण बामणोलीकडच्या, कुसुंबीकडच्या वाड्यावस्त्यांवर जुन्या कार्बोरेटरच्या गाड्या अजून पुष्कळ आहेत, आणि त्या इतक्यात कुठे जात नाहीत.

त्यांच्या मालकांना नवी गाडी घ्या म्हटलं की एक मुद्दा हमखास पुढे येतो, आणि तो चुकीचा नाही. मेणाच्या चोकची न तापलेली, वीज न मिळालेली अवस्था म्हणजे उघडी वाट. वायर तुटली, चकती गेली, बॅटरी बसली, तरी चोरवाट उघडीच राहते आणि किक मारली की गाडी धरते. जास्त पेट्रोल खाईल, धूर सोडेल, पण घरी नेईल. इंजेक्शनच्या गाडीला पेट्रोल ढकलणारा पंपच विजेवर चालतो. बॅटरी पार उतरली की बऱ्याचदा कितीही किक मारा, आत थेंब जात नाही. फाट्यापासून आत सात-आठ किलोमीटरवर, संध्याकाळची शेवटची एसटी निघून गेलेली असताना, यातली कुठली गाडी जवळ असावी हे तिथला माणूस पटकन सांगतो. मिस्त्री त्यावर एवढंच म्हणतात की मग बॅटरी तीन वर्षांनी बदला, आणि जुनीच ठेवायची असेल तर ते टोपरं तरी बसवून घ्या.